पाडवा ते पाडवा: तापमानाच्या दुलईचं एक वर्ष

लोकरमाया

शके १९४७ विणून झालं. गेल्या पाडव्याला, ३० मार्च २०२५ ला, आपण ठरवलं होतं की रोज क्रोशाची एक ओळ विणायची आणि तिचा रंग त्या दिवशीच्या कमाल तापमानावरून घ्यायचा. शेवटची ओळ १८ मार्च २०२६ ची. पाडवा ते पाडवा ३५४ दिवस भरतात, इंग्रजी वर्षापेक्षा अकरा कमी. जगभर लोक ही दुलई १ जानेवारीला सुरू करतात, पण आपण चैत्रात सुरू केली हे मला आता जास्तच पटतंय. आपल्याकडे हवेचं वर्ष खरोखरच चैत्रात कूस बदलतं. पायथ्याला वैशाखाचं ऊन, मग पाऊस, मग ऑक्टोबरची काहिली, मग हिवाळा आणि वरच्या काठाला पुन्हा तापायला लागलेला फाल्गुन, असं सगळं एका सलग कापडात आलं.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सगळ्यांचा रंगतक्ता एकच, तीन-तीन अंशांचा. २५ ते २८ मोरपंखी, २८ ते ३१ पोपटी, ३१ ते ३४ हळदी, ३४ ते ३७ केशरी, ३७ ते ४० लाल, ४० ते ४३ डाळिंबी आणि त्याच्या वर वांगी. २५ च्या खाली आकाशी, निळा, जांभळा असं उतरत जायचं आणि शून्याखाली राखाडीकडून पांढऱ्याकडे. टाका मुक्या खांबाचा. साध्या खांबाची ओळ सेंटीमीटरभराहून उंच होते, त्या हिशोबाने दुलई चार मीटरच्या घरात गेली असती. मुक्या खांबाने ती दोन-सव्वादोन मीटरवर थांबते, म्हणजे अंगावर घेता येते. आकडा मात्र फोनमधल्या ॲपचा चालणार नाही, जवळच्या वेधशाळेने नोंदवलेलाच हवा, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. ॲप बहुतेकदा गणिताने काढलेला अंदाज दाखवतं. वेधशाळेत मात्र पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवलेला तापमापक असतो आणि कोणीतरी तो वाचतं. आपल्या ओळीमागे तो वाचणारा माणूस आहे, ही भावना मला वर्षभर पुरली.

या छंदाला एक सुंदर इतिहासही आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड यांनी २०१७ साली पृथ्वीच्या सरासरी तापमानाची क्रोशाची दुलई विणली होती, तिच्यात एक पट्टा म्हणजे एक वर्ष. त्याच विद्यापीठातल्या एड हॉकिन्स यांचे निळ्याकडून लाल होत जाणारे हवामानाचे पट्टे २०१८ पासून जगभर गाजले. त्या पट्ट्यांच्या आधी लोकर होती, सुई होती. विणकाम करणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत असायला हवं असं मला वाटतं.

आता वर्षाबद्दल. सगळ्यात मोठं आश्चर्य मे महिन्याने दिलं. उन्हाळ्यासाठी लाल लोकरीचे गुंडे आपण सगळ्यांनीच भरून ठेवले होते. पण गेल्या मे महिन्यात वळीव थांबलाच नाही आणि २६ मे ला मान्सून मुंबई-पुण्यात हजर झाला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे तो पंधरा दिवसांहून जास्त लवकर आला. माझ्या पुण्याच्या दुलईत एप्रिल लालभडक आहे, आणि मे मध्ये, जिथे लाल आणखी गडद व्हायला हवा होता, तिथे पोपटी नि हळदी. पन्नास वर्षांनी कोणी ही दुलई उलगडली तर बोट ठेवून म्हणेल, हे २०२५.

दुसरी गोष्ट मला मनापासून मांडायची आहे, कारण दुसऱ्या वर्षाचा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. आपल्या महाराष्ट्राच्या दुलयांमध्ये थंडी दिसतच नाही! माझ्या दुलईतला सगळ्यात गार पट्टा आषाढ-श्रावणातला आहे, पौषातला नाही. पुण्यात ऑगस्टमध्ये ढगांमुळे कमाल तापमान २८ च्या आसपास राहतं आणि डिसेंबरात लख्ख ऊन असल्यामुळे ते ३० ला टेकतं. ज्या पहाटे आपण शाल ओढून चहा घेतो, त्या दिवसाची ओळ श्रावणसरीच्या ओळीपेक्षा उबदार रंगाची येते. आकडा खरा आहे, तक्ताही बरोबर आहे. पण आपला हिवाळा रात्री राहतो, आणि रात्र आपण विणलीच नाही.

म्हणून माझा प्रस्ताव: शके १९४८ मध्ये कमाल आणि किमान दोन्ही. बोला.

---

समुद्रकाठ

ताई, मी मुंबईची, आणि हे माझ्याच मनातलं बोललीस. माझी दुलई जवळजवळ सगळी पोपटी आणि हळदी आहे. मुंबईचं सरासरी कमाल तापमान जुलैत ३० आणि मे मध्ये ३४, त्याच्या पलीकडे फार जात नाही. अधूनमधून केशरीची एखादी रेघ येते, तीही बहुतेक मार्च-एप्रिल नाहीतर ऑक्टोबरमधली. नागपूरच्या दुलईचा फोटो आला की मी बराच वेळ बघत बसायचे.

तरी मला माझी दुलई प्रिय आहे. समुद्र वर्षभर शहराला कसा सांभाळतो ते तिच्यात दिसतं. पण रात्रींचा मुद्दा अगदी पटला. जानेवारीत सांताक्रूझला पहाटे १६-१७ पर्यंत उतरतं, आणि मे महिन्याच्या रात्री २७ च्या आसपास राहतात. म्हणजे मुंबईचे ऋतू दिवसापेक्षा रात्री जास्त बदलतात. हे मी इथे चाळीस वर्षं राहून लक्षात घेतलं नव्हतं, तक्ता समोर ठेवल्यावर कळलं.

मुंबईच्या इतर मैत्रिणींसाठी एक सूचना. कुलाबा की सांताक्रूझ हे आधीच ठरवा आणि वर्षभर बदलू नका. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, पाण्याला लागून. सांताक्रूझ आत, विमानतळावर. कोरड्या दिवसांत दोघींत सहज एका रंगाचा फरक पडतो. आणि मुंबईत लोकर नको, सुती धागा घ्या. एप्रिलमध्ये मांडीवर लोकरीचा गोळा घेऊन बसवत नाही. सुती दुलई वजनाला जड होते, पण एसीत छान लागते.

---

संत्रानगरी

समुद्रकाठताई, आता माझी बघा. नागपूरची दुलई मोरपंखीपासून वांगीपर्यंत, मधला एकही रंग सुटला नाही. एप्रिलमध्येच वांगी काढावी लागली. आमच्याकडे खरी परीक्षा नवतपाची, २५ मे पासूनचे नऊ दिवस. त्यासाठी मी वांगीचे जास्तीचे गुंडे आणून ठेवले होते. आणि गेल्या वर्षी नवतपा पावसात गेला! मग मान्सून रखडला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पारा पुन्हा चाळिशीपार. त्यामुळे माझ्या दुलईत गार पट्ट्याच्या वर परत डाळिंबी येते. पाहणाऱ्याला वाटतं ओळी खालीवर झाल्या. मी प्रत्येकाला समजावून सांगते की नाही, असंच झालं होतं.

माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज कोणता?" त्यांना दिसत कमी, पण मी आकडा सांगितला की रंग त्या सांगायच्या. तक्ता त्यांना माझ्याआधी पाठ झाला. साडेपाचची नोंद आली की आमच्या घरात आधी तो प्रश्न, मग चहा.

रात्रीचं तापमान घेतलं तर माझ्या दुलईला निळे रंगही मिळतील. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे १० च्या खाली जातं. मी तयार आहे.

---

घट्ट_टाका

वेगळं मत मांडतो. (हो, मी काका आहे, क्रोशे आईकडून शिकलो.)

हा उपक्रम टिकला तो "रोज एक ओळ" या एका साधेपणामुळे. जेवण झाल्यावर वीस मिनिटं आणि दिवस संपला. कमाल-किमान दोन्ही म्हटलं की काम दुप्पट. पहिल्या वर्षी निम्म्या वाटेत थांबलेल्यांशी मी बोललो आहे. बहुतेक जण पावसाळ्यात थांबले, आणि कारण कंटाळा नव्हता. आठ दिवसांच्या ओळी साचल्या की पुन्हा बसायचं मन होत नाही, हे होतं. दोन तापमानं घेतली की साचणंही दुप्पट.

शिवाय टोकं. रंग बदलला की दोन टोकं लोंबतात आणि ती सगळी लपवावी लागतात. समुद्रकाठ यांच्याकडे सलग पाच-सहा दिवस एकच रंग असतो, त्यांना त्रास कमी. विदर्भात एप्रिल ते जून रोज रंग बदलतो.

मला किमान तापमानाचं महत्त्व मान्य आहे. पण साधेपणा जाऊ नये.

---

हिमपावलं

टोरांटोहून. माझी दुलई तुमच्या तक्त्यात जेमतेम मावली. फेब्रुवारीत राखाडी, पांढरा, राखाडी. इथे एकटीने विणलं असतं तर मी तक्ता इथल्या हवेला साजेसा केला असता, वरचे चार रंग काढून टाकले असते. सुरुवातीला तसं सुचवलंही होतं. पण लोकरमायाताईंनी तक्ता सगळ्यांना एकच ठेवायचा आग्रह धरला आणि त्याचं फळ मला जुलैत मिळालं. इथला जुलै २७ च्या आसपास असतो, म्हणजे मोरपंखी. ताईंच्या पुण्याच्या श्रावणातही मोरपंखी. माझा भर उन्हाळा आणि माझ्या माहेरचा श्रावण एकाच रंगाचे! आई फोनवर म्हणाली, "म्हणजे आत्ता तुझ्याकडे आपल्यासारखीच हवा." अठरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हा दुसऱ्या वर्षी काहीही बदला, तक्ता एकच राहू दे. एवढंच माझं मागणं.

---

कृष्णाकाठ

मी महाबळेश्वरची ओळ विणते, तिथली वेधशाळा आमच्या वाईहून घाट चढून वर. ताईंचा मुद्दा माझ्या दुलईत सगळ्यात ठळक दिसेल. जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वरचं कमाल तापमान २० च्या आगेमागेच राहतं, महिनाभर सलग निळा. जानेवारीत ते २४ पर्यंत चढतं, म्हणजे आकाशी. पर्यटक थंडीसाठी डिसेंबरात येतात, पण दिवसभराचा गारठा पावसातला असतो. धुक्यात कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, दुपारी दिवे लावावे लागतात. तो निळा पट्टा मला अगदी खरा वाटतो. माझ्या मते "थंडी दिसत नाही" असं नाही, पावसाची थंडी दिसते. ती एरवी कोणी मोजत नाही.

घट्ट_टाका काका, एक उपाय. दोन पदरी विणा. पातळ लोकरीचे दोन धागे एकत्र धरायचे, एक कमाल तापमानाच्या रंगाचा, एक किमानच्या. ओळ एकच राहते, वेळ तेवढाच. मी नमुना विणून पाहिला आहे. श्रावणात दिवस-रात्रीत फरक फार नसतो त्यामुळे शेजारशेजारचे रंग येतात आणि ओळ शांत दिसते. हिवाळ्यात पोपटी आणि गडद निळा एकत्र पिळले जातात आणि ओळ ठिपकेदार होते. दिवस-रात्रीतलं अंतरच विणीत उतरतं.

---

काळी_माती

मी धाराशिव जिल्ह्यातली. माझी दुलई पूर्ण नाही आणि ती तशीच ठेवणार आहे, त्याबद्दल लिहायचं होतं.

सप्टेंबरमध्ये घटस्थापनेच्या दिवशी आमच्याकडे पाणी चढलं. परांडा, भूम, पलीकडे सोलापूरकडची सीना, सगळीकडेच. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली. माती वाहून गेली ती परत येणार नाही. माहेरची माणसं दोन रात्री दुसऱ्याच्या माळवदावर होती. त्या दिवसांत सुई कोण हातात घेणार. पुढे दिवाळीनंतर मी परत बसले तेव्हा मागचे आकडे मिळत होते, ओळी भरता आल्या असत्या. ढगाळ हवा होती म्हणजे मोरपंखी किंवा पोपटी आले असते. छान, थंडगार रंग. मला ते विणवेना. त्या दिवसांच्या ओळी मी न रंगवलेल्या पांढऱ्यात घातल्या. हिमपावलंताईंच्या तक्त्यात पांढरा म्हणजे बर्फ, माझ्याकडे म्हणजे नोंद नाही.

तापमानाच्या तक्त्यात पूर दिसत नाही, हे मला सांगायचं आहे. दुसऱ्या वर्षी पावसाची काहीतरी खूण असावी.

---

लोकरमाया

काळी_माती, त्या पांढऱ्या ओळींना कोणीही अपूर्ण म्हणणार नाही. तुमची दुलई पूर्ण आहे.

पावसाची खूण हवीच. वेधशाळा पाऊस सकाळी साडेआठला मोजते, आदल्या चोवीस तासांचा, तोच आकडा घेऊ. मुसळधार झाला त्या दिवशी ओळीत उठावाचे टाके घालायचे, जास्त पाऊस तर जास्त उठाव. हाताला लागतील असे. आणि समुद्रकाठ म्हणते तसं नोंदीचं ठाणं, म्हणजे वेधशाळा, एकच, हे पावसाला तर जास्तच लागू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशेही नाही. एकाच शहराच्या दोन दुलया त्या दिवशी एकमेकींना ओळखल्या नसत्या.

कृष्णाकाठ, पावसाच्या थंडीबद्दल तुझं म्हणणं मान्य. दोन पदरी नमुन्याचा फोटो नक्की टाक.

---

आकडेमोड

मी विणत नाही, पत्नी विणते, तिच्या ओळींची वही माझ्याकडे असते. एक गंमत सापडली ती सांगतो. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे यंदाच्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत, म्हणजे ७ एप्रिल २०२७ च्या आदल्या दिवसापर्यंत, ३८४ दिवस होतात. ओळींची दुलई त्यामुळे वीतभर लांब होईल. पण ३८४ म्हणजे १६ गुणिले २४! रोज एक चौकोन विणला तर नेमका आयत भरतो, एकही चौकोन कमी नाही, जास्त नाही. आठ सेंटीमीटरचा चौकोन धरला तर १२८ बाय १९२ सेंटीमीटर, एका माणसाची दुलई. ३५४ चा असा आयत होतच नव्हता, सहा चौकोन रुंद आणि एकोणसाठ लांब पट्टी झाली असती.

चौकोनात आतला फेरा किमान तापमानाचा आणि बाहेरचा कमालचा, असं पत्नी म्हणते. आत रात्र, बाहेर दिवस. अधिक महिन्याचे तीस चौकोन दुलईत लगेच उठून दिसावेत म्हणून त्यांना वेगळ्या रंगाची किनार.

---

घट्ट_टाका

आकडेमोड, आयत सुंदर आहे. पण चौकोनाला दोन रंग म्हणजे चार टोकं. ३८४ चोक १५३६ टोकं.

---

संत्रानगरी

काका, टोकं मागून लपवायची नाहीत. पुढच्या फेऱ्याचे टाके त्यांच्यावरूनच घालायचे, विणता विणता आत जातात. चौकोनाचा मला आवडलेला फायदा दुसराच. चौकोन पर्समध्ये मावतो. मे महिन्यात दोन मीटरची दुलई मांडीवर घेऊन नागपुरात बसून बघा एकदा! आणि आठ दिवस साचले तर आठ चौकोन प्रवासात होतात. तुमच्या साधेपणाच्या मुद्द्याला हेच उत्तर आहे असं मला वाटतं.

---

घट्ट_टाका

प्रवासाचं पटलं. टोकांवरून विणून पाहतो. माझ्यापुरतं मात्र मी दोन पदरी ओळच करणार, कृष्णाकाठ यांच्या पद्धतीने. पुण्यातल्यांनी अजून एक ध्यानात घ्या. किमान तापमान घेणार असाल तर ठाणं निवडताना विचार करा. हिवाळ्याच्या पहाटे पाषाण आणि मगरपट्टा यांच्यात पाच-पाच अंशांचा फरक पडतो, मगरपट्टा गरम. कमाल तापमानात इतकं अंतर नसतं. मी शिवाजीनगरचे आकडे घेतो, सिमला ऑफिसचे. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं तेव्हापासून त्या इमारतीला हे नाव आहे, आणि माझे वडील त्या चौकातूनच रोज सायकलने जायचे.

---

नवी_सुई

नमस्कार. मी रत्नागिरीची, साखळी आणि मुका खांब एवढंच येतं. पाडवा होऊन गेला, आता सुरुवात केली तर चालेल का? आणि लोकर किती आणू?

---

लोकरमाया

चालेल तर! मागच्या दिवसांचे आकडे मिळतात, आणि रत्नागिरीला हवामान खात्याचं ठाणं आहेच.

लोकर एकदम आणू नका. पूर्ण दुलईला साधारण सव्वा ते दीड किलो लागते, पण कोणत्या रंगाची किती ते हवाच ठरवते. गेल्या मे महिन्याचं वर वाचलंतच. सुरुवातीला पोपटी, हळदी, केशरी आणि रात्रीसाठी आकाशी नि मोरपंखी, प्रत्येकी दोन गुंडे. कोकणात रंग थोडे लागतील पण त्यातल्या प्रत्येकाची लोकर भरपूर लागेल. म्हणून दुकानदाराला लॉट नंबर विचारून लिहून ठेवा. पुढच्या खेपेला दुसऱ्या लॉटची पोपटी आणलीत तर फरक उन्हात दिसतो.

मुका खांब येतो म्हणजे दोन पदरी ओळ आजच जमेल. चौकोन करायचा असेल तर त्याला खांब लागतो, तो संत्रानगरी शिकवतील.

आता सगळ्यांसाठी. तक्ता तोच, सगळ्यांना एकच. कमाल आणि किमान दोन्ही, जोरदार पावसाच्या दिवशी उठावाचे टाके. ओळ की चौकोन हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्यांना फक्त कमालचीच ओळ विणायची आहे त्यांनी तसंच चालू ठेवावं, त्यांची दुलई पहिल्या वर्षाच्या शेजारी ठेवून बघता येईल आणि ते मला हवंच आहे. ठाण्याचं नाव दुलईच्या मागच्या कोपऱ्यात धाग्याने भरून टाका. अधिक महिन्याच्या किनारीचा रंग अजून ठरायचाय. मी अबोली सुचवते, तो तक्त्यात कुठेच नाही. १७ मे च्या आत सांगा.

---

हिमपावलं

अबोलीला माझं मत. इथे तो रंग मिळत नाही, आईकडून मागवते.